नेदरलँड्समध्ये सहा गाड्या, आठ दिवस: रूट आणि गट कसा बसवायचा?

गोवावेस_सर्कल (बेळगाव)

राम राम मंडळी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नेदरलँड्सचा बेत ठरतोय. सहा जण, सहा मोटारसायकली, सगळ्या तिकडंच भाड्यानं. चौघे बेळगावचे, एक निपाणीचा, एक खानापूरचा. घाट बघायला जात नाही, ते आपल्याकडं चोर्ल्यापासून आंबोलीपर्यंत हवे तेवढे आहेत. जुनी गावं, कालवे, पवनचक्क्या, समुद्राचे बांध असं बघत हिंडायचंय.

कच्चा रूट: ॲमस्टरडॅमला उतरून तिथंच गाड्या घ्यायच्या, दोन दिवस शहरात, मग द हेग, रॉटरडॅम, झेलंडचे बांध, मास्ट्रिक्ट, वर झ्वोले नि खिटहोर्न, शेवटी आफ्स्लाउटडाइकवरून परत. रोजचे तीनशे किलोमीटर धरलेत.

रूट जमतोय का? शहरातून सहा गाड्या एकत्र कशा न्यायच्या? उजवीकडून चालवायचं कितपत जड जातं? कागदात नेमकं काय अडतं, आणि इथली हेल्मेट चालतात का? रूट फाडून टाकला तरी राग नाही.

---

फेल्डहोवन_व्हाया_शहापूर

मग फाडतोच.

तीनशे किलोमीटर खोडा, तिथं दीडशे लिहा. तो देश वरपासून खालपर्यंत जेमतेम तीनशे किलोमीटर आहे. हमरस्त्यानं तीन-चार तासांत संपतो, पण मग तुम्हाला दिसणार काय, तर ध्वनिरोधक भिंती. गावागावांतून जायचं तर वेग असा पडतो: वस्तीत ५०, बऱ्याच गल्ल्यांत ३०, बाहेर ८०, शेतातल्या नि बांधावरच्या रस्त्यांना बहुतेक ६०. सिग्नल, उघडणारे पूल, गतिरोधक धरून सरासरी ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जात नाही. दीडशे किलोमीटर म्हणजे गाडीवर साडेतीन-चार तास. उरलेल्या वेळात पायी फिरणं होतं, आणि ती गावं पायीच बघायची आहेत.

दुसरं, ॲमस्टरडॅममध्ये गाडी नकोच. ८ डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांना ३० ची मर्यादा आहे. कालव्याकाठचे रस्ते एकेरी आणि अरुंद. एखादी माल उतरवणारी व्हॅन उभी राहिली की तुम्ही सहाही तिच्या मागं. वर ट्रामचे रूळ आणि सगळ्या बाजूंनी सायकली. विमानतळावरून रेल्वेनं हार्लेम गाठा, मुक्काम तिथं करा. तिथून ॲमस्टरडॅम रेल्वेनं वीसेक मिनिटांवर. तिकीट काढायची गरज नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना कॉन्टॅक्टलेस कार्ड यंत्राला लावायचं, पैसे आपोआप कापले जातात. दोन्ही वेळा तेच कार्ड लावा, नाहीतर जास्तीचे कापले जातात. शहर बघून झालं की मगच गाड्या ताब्यात घ्या, दोन दिवसांचं भाडंही वाचतं.

रूट मी असा लावेन:

हार्लेम, आल्कमार, एडम, होर्न. शुक्रवारी निघत असाल तर आल्कमारचा चीजचा बाजार सकाळीच गाठा.

होर्न, एन्कहाउझेन, तिथून हाउट्रिबडाइकवरून लेलीस्टाड, काम्पेन, झ्वोले. हा बांध सत्तावीसेक किलोमीटरचा आहे, दोन्हीकडं पाणी. यासाठी आफ्स्लाउटडाइक सोडून द्या. तो १९३२ साली पुरा झाला, ३२ किलोमीटर लांब, इतिहास म्हणून मोठा आहे. पण गाडीवरून तो सरळसोट मोटारवे आहे, आणि मोटारवेच्या एका बाजूला उंच बांध असल्यानं वाडेनझे दिसतच नाही.

झ्वोलेहून सकाळी लवकर खिटहोर्न. जुन्या गावात गाडी जात नाही, बाहेरच्या वाहनतळावर लावून चालत. दहाच्या आत जा, नंतर पर्यटकांच्या बोटींची कोंडी असते. मग एसेल नदीच्या काठानं डेव्हेंटर, झुटफेन, आर्नहेम. ही जुनी व्यापारी गावं आहेत, फोटोत कमी दिसतात, पण माझ्या मते अख्ख्या रूटमध्ये गाडीवरून जायला हाच भाग सगळ्यात चांगला.

आर्नहेम ते मास्ट्रिक्ट हा लांबचा दिवस, पावणेदोनशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी लिंबुर्खमध्ये फाल्केनबुर्ख, फाल्स. नेदरलँड्सचा युरोपातला सर्वांत उंच माथा फाल्सरबर्ख इथं आहे, ३२२ मीटर. बेळगाव शहरच साडेसातशे मीटरवर आहे, तेव्हा शिखर म्हणून जाऊ नका. वळणं छान आहेत म्हणून जा.

मग बार्ले, ब्रेडा मुक्काम. पुढं झिरिकझे, झेलंडचा पूल (१९६५ चा, पाच किलोमीटर) आणि ओस्टरस्खेल्डेचा दरवाजांचा बांध, मिडलबुर्ख. शेवटी किंडरडाइक, गौडा आणि परत हार्लेम. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या बघायला सगळं जग येतं, गावात गाडी लावायला जागा नाही. आल्ब्लासरडॅमला लावून पुढं जा.

आता चौक. तिथं गाडी पडते ती वळणावर नाही, चौकात पडते, आणि कारण बहुतेक वेळा सायकल असतं.

१) उजवीकडं वळताना तुमच्या उजव्या हाताला सायकलीचा रस्ता असतो. त्यावरून सरळ जाणारा सायकलवाला आधी जाणार, तुम्ही थांबणार. आरशात तो दिसत नाही. उजव्या खांद्यावरून मान वळवून बघायचं, प्रत्येक वेळी. कित्येक सायकलमार्ग दुहेरी असतात, म्हणजे समोरूनही सायकल येते. विजेवरच्या सायकली पंचवीसनं येतात, काही त्याहून जोरात.

२) रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसतील. टोक तुमच्याकडं असेल तर तुम्ही थांबायचं. पाटी झाडाआड गेली तरी हे त्रिकोण दिसतात, म्हणून नजर रस्त्यावर ठेवा. पांढऱ्या कडेची पिवळी पाटी, म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन, दिसली तर तुमचा रस्ता मुख्य.

३) त्रिकोण नाहीत, पाटी नाही, सिग्नल नाही: उजवीकडून येणारा आधी. मग तो ट्रक असो की दहा वर्षांची सायकलवाली मुलगी. ३० च्या वस्तीत असले चौक ओळीनं येतात. अपवाद एक: बाजूच्या गल्लीच्या तोंडावर पदपथ तसाच सलग पुढं गेला असेल आणि गल्लीतली गाडी त्यावरून चढून बाहेर येत असेल, तर ती गाडी थांबते.

४) ट्राम. बरोबरीच्या, म्हणजे कुणाचाच रस्ता मुख्य नसलेल्या, चौकात ट्राम कुठूनही येवो, ती आधी. रूळ ओलांडताना शक्य तेवढे काटकोनात, ब्रेक न धरता, गाडी तिरकी न करता.

५) गोल चौक. घड्याळाच्या उलट फिरायचं. आतल्याला आधी जाऊ द्यायचं. बाहेर पडताना पुन्हा सायकली: वस्तीत बहुतेक ठिकाणी आधी सायकल, वस्तीबाहेर बहुतेक ठिकाणी सायकल थांबते. ठरवायचं परत त्रिकोण बघूनच. मोठ्या रस्त्यांवर ‘टर्बो’ गोल चौक असतात. त्यात लेन आत शिरायच्या आधी निवडायची, आत बदलता येत नाही, कारण लेनमध्ये उंच दगडी पट्टी असते. गाडीचं चाक तिला तिरकं लागलं की पडलातच. चुकीच्या लेनमध्ये गेलात तर ती नेईल तिकडं जा, पुढं वळून या.

वस्ती कुठं सुरू झाली हे ओळखायला गावाच्या नावाची निळी पाटी बघा. ती पाटी म्हणजेच ५०. वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर तिरकी रेघ असलेली पाटी आली की वस्ती संपली.

---

टिळकवाडी_पॅनियर

कागदाचं सांगतो.

इंटरनॅशनल परमिट सारथी पोर्टलवरून, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. निपाणीवाल्याचं काम चिक्कोडीच्या कार्यालयात, म्हणजे के.ए.-२३, बाकीच्यांचं बेळगावला. हातात आल्यावर तिथंच उघडून ‘ए’ वर्गापुढं शिक्का आहे का बघा. ‘बी’वर शिक्का आणि ‘ए’ रिकामा असं आलं तर मोटारसायकल भाड्यानं मिळणार नाही. मूळ लायसन्सही सोबत लागतं, परमिट एकटं काही कामाचं नाही.

आपल्या भागातली खरी अडचण नावाची. लायसन्सवर आडनाव पुढं नि बापाचं नाव एका अक्षरात, पासपोर्टवर पूर्ण नाव. भाड्याच्या काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघतात. फरक असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करा, मग परमिटला अर्ज करा. कारण परमिट लायसन्सवरूनच छापलं जातं.

व्हिसा शेंगेन, फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. जूनसाठी भेटीच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच लागा. प्रवास विमा घेताना न मिळणाऱ्या गोष्टींचं पान वाचा. काही पॉलिसीत ठरावीक सीसीच्या वरच्या मोटारसायकलीवरची दुखापत वगळलेली असते. तो कागद नुसता व्हिसाला चालतो, हाडाला चालत नाही.

गाडीचा करार. अनामत क्रेडिट कार्डावरच अडकवतात, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बरेच जण घेत नाहीत, आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मर्यादा कमी पडत असेल तर आधी बँकेकडून वाढवून घ्या. करारात चार गोष्टी शोधा: अपघातात तुमच्या खिशातून किती जाणार (साधारण हजार-दोन हजार युरो), रोजचे किती किलोमीटर फुकट, बेल्जियम-जर्मनीत न्यायला परवानगी आहे का, आणि कुलूप कुठलं. तिकडं गाड्या चोरीला जातात. विम्याच्या अटीत ‘आर्ट’ मान्यतेचं कुलूप लिहिलेलं असेल तर मोटारसायकलला चार ताऱ्यांचं लागतं. ते दुकानदाराकडूनच मागून घ्या. आणि दुकानं रविवारी, कित्येक सोमवारीही, बंद असतात. गाडी परत करायचा वार आधी बघून ठेवा.

हेल्मेट: नुसतं आयएसआय तिथं चालत नाही, ईसीई ही युरोपातली मान्यता लागते. पट्ट्याला शिवलेलं कापडी लेबल बघा. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी देशाचा आकडा, खालचा नंबर ०५ किंवा ०६ नं सुरू होणारा. मागच्या बाजूचा चकचकीत स्टिकर म्हणजे पुरावा नाही. खडे बाजारात दोन्ही मान्यता असलेली मिळतात, लेबल बघून घ्या. विमानात ते हातातल्या सामानात न्या, इंटरकॉमची बॅटरीपण केबिनमध्येच.

---

अनमोड_टेल

सहा गाड्या एका ओळीत शहरातून न्यायच्या हा विचारच सोडा. साधा हिशोब आहे. ३० च्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटर जाते. एकाआड एक अंतर ठेवून सहा गाड्यांची ओळ पन्नासेक मीटरची होते. सिग्नलचा हिरवा एका वेळी तीन-चार जणांना पुरतो. मागचे दोघे घाईनं पिवळ्यावर घुसतात, आणि तिथं सायकलवाला हिरवा मिळताच निघालेला असतो. गट तुटू नये म्हणून जी धडपड होते, तिथंच माणूस पडतो.

तीन-तीनचे दोन गट करा. दोघांत दहा मिनिटांचं अंतर, भेटायची जागा ठरलेली. प्रत्येक गटात पुढं एक रस्ता दाखवणारा, शेवटी एक शेपटीचा. शेपटीला सगळ्यात शांत माणूस घाला, सगळ्यात नवखा नव्हे. नवखा मधे.

वळणाला माणूस उभा करायची पद्धत असेल तर ती तीन गाड्यांतही चालते: पुढचा वळताना दोन नंबरला हात करतो, दोन नंबर वळणाच्या पलीकडं सुरक्षित जागी थांबतो, शेपटीवाला दिसला की त्याच्या पुढं लागतो. दोन नियम पाळा. सायकलमार्गावर थांबायचं नाही, एक सेकंदही नाही. आणि मोटारवेवर ही पद्धत वापरायचीच नाही. तिथं पुढच्या बाहेर पडण्याच्या वाटेचा नंबर सगळ्यांनी पाठ करून निघायचं. चुकला तर त्यानं मागं यायचं नाही, पुढच्या वाटेनं उतरून फोन करायचा.

रूटची फाइल सहाही फोनमध्ये हवी. कुरव्हिगर किंवा कालिमोटोमध्ये रूट काढा, नकाशा ऑफलाइन उतरवा. पुढच्या एकट्याच्या फोनवर विसंबलात की एक सिग्नल चुकला तरी पाच जण रस्त्याकडेला. फोन हातात धरून चालवताना सापडलात तर दंड चारशे युरोच्या वर आहे. पत्ता बदलायचा तर थांबून.

उजव्या बाजूबद्दल. चालत्या रहदारीत चूक होत नाही, समोरचे बघून माणूस आपोआप नीट जातो. चूक होते रस्ता रिकामा असताना: पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, फेरीबोटीतून उतरल्यावर, सकाळी हॉटेलच्या गल्लीतून निघताना, यू-टर्न घेतल्यावर. टाकीवर उजवीकडं दाखवणारा बाणाचा स्टिकर लावा. डावं वळण लांबचं, उजवं जवळचं, आपल्या बरोबर उलटं. आणि डाव्या वळणाला समोरची सरळ येणारी गाडी आधी.

मोटारवेवर अजून एक सवय मोडावी लागते. आपल्या पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ट्रक उजवी लेन धरून चालतो आणि आपण डावीकडून काढतो. तिथं सगळ्यांनी उजवीकडं राहायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, झालं की परत उजवीकडं. सकाळी सहा ते संध्याकाळी सात मर्यादा १००, काही थोड्या तुकड्यांवर जास्त, पाटी बघा. दोन कॅमेऱ्यांमधली सरासरी मोजणारे पट्टे आहेत, तेव्हा कॅमेऱ्यापुरतं हळू होऊन उपयोग नाही. लेनवर लाल फुली पेटली की ती लेन बंद. दंड भाडेवाल्याकडं जातो आणि तो आपली फी लावून तुमच्या कार्डातून काढतो, दोन महिन्यांनी.

कोंडीत दोन लेनच्या मधून जाणं तिथं मान्य आहे. सगळ्यात डावीकडच्या दोन लेनच्या मधून, आणि गाड्यांपेक्षा फार तर दहानं जास्त वेगात. बाजूच्या पेट्या लावलेल्या असतील तर हे करू नका, पेटीची रुंदी अंदाजात येत नाही.

हॉर्न वाजवू नका. आपल्याकडं तो ‘मी येतोय’ असतो, तिकडं ती शिवी होते.

---

गोवावेस_सर्कल

भारीच माहिती. तीन-तीनचा गट पटला. रूटपण बदलतोय, दीडशेवर आणतो.

अजून थोडं: गाडी कुठली घ्यावी? आमच्यातल्या दोघांची उंची कमी आहे, इथं त्यांच्याकडं हिमालयन ४११ आहे. पेट्रोल नि पार्किंगचं कसं? आणि बांधावरचे रस्ते शनिवार-रविवारी बंद असतात म्हणतात, ते खरं का? एकजण म्हणतोय, आपल्याच गाड्या जहाजानं न्याव्यात.

---

उद्यमबाग_३६पीएसआय

आठ दिवसांसाठी जहाज नको. गाडी समुद्रात असताना तुमची सुट्टी संपून जाईल.

४११ ची सीट ८०० मिलिमीटर आहे. त्याच मापात होंडा एनसी७५० एक्स बसते, आणि टाकीच्या जागी सामानाचा खण आहे, रेनसूट नि कुलूप त्यात जातं. टाकी १४ लिटरची, सीटखाली. उंच ॲडव्हेंचर गाड्या फोटोत बऱ्या दिसतात, पण इथं दिवसातून पन्नास वेळा पाय टेकायचाय, तोही विटांच्या ओल्या रस्त्यावर. ५०० ते ७५० सीसी पुरे. १,२०० ची ताकद वापरायला जागा नाही.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, रिमवरचे चरे आणि लिव्हरची टोकं जवळून. चेन हलवून बघा, किती ढिली असावी ते स्विंगआर्मच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा तिथं बारमध्ये मोजतात: २.५ बार म्हणजे ३६ पीएसआय, २.९ बार म्हणजे ४२. आकडा सीटखालच्या किंवा चेनजवळच्या स्टिकरवरून घ्या, सामान असेल तर मागं जास्तीचा आकडा. रोज पाऊस लागला तर चेनला एक दिवसाआड तेल, कोरडं असेल तर पाचशे किलोमीटरला. तेल संध्याकाळी गाडी थांबवल्यावर, चेन गरम असताना लावा. सकाळी लावून लगेच निघालात तर सगळं रिमवर उडतं.

पेट्रोल लिटरला दोन युरोच्या आसपास, मोटारवेवरच्या पंपावर त्याहून महाग, गावातल्या माणूस नसलेल्या पंपावर स्वस्त. तिथं आधी कार्ड, मग पिन, मग नळी. यंत्र आधी शंभर-दीडशे युरो अडकवतं, खरी रक्कम नंतर कापतं आणि उरलेले सुटायला काही दिवस लागू शकतात. सहा गाड्या एकाच फॉरेक्स कार्डावर भरल्या तर दुसऱ्या दिवशी कार्ड रिकामं दिसेल. प्रत्येकाचं आपलं कार्ड, आणि गटात एक वेगळ्या नेटवर्कचं राखीव. नळीवर वर्तुळात ई-५ किंवा ई-१० असेल ते पेट्रोल, चौकोनात बी-७ असेल ते डिझेल.

पाऊस बघायला बाउयनराडार नावाचं ॲप आहे, पुढच्या दोन तासांतला पाऊस नकाशावर दाखवतं. सरी छोट्या असतात, वीस मिनिटं कॉफी घेतली तर निघून जातात. विटांचा रस्ता, लोखंडी पुलाचा पत्रा आणि रंगवलेले पांढरे पट्टे या तीन गोष्टी ओल्या असताना ब्रेक सरळ रेषेत, पट्ट्याच्या आधीच.

पावसापेक्षा वारा जड. हाउट्रिबडाइक, झेलंडचा पूल आणि ओस्टरस्खेल्डेचा बांध, तिन्ही उघड्यावर. बाजूचा वारा एकसारखा असेल तर गाडी थोडी कलती ठेवून जाता येतं. ट्रकला ओलांडताना मात्र आधी वारा एकदम थांबतो आणि पुढं निघताच एकदम आदळतो. गाडी कललेली असते ती आधी ट्रकच्या बाजूला खेचते, मग बाहेर फेकते. गुडघे टाकीला घट्ट, हात सैल, आणि ट्रकपासून लेनच्या लांबच्या कडेनं. हवामान खात्याचा पिवळा इशारा वाऱ्याचा असेल तर तो दिवस आतल्या गावांत घाला, नारिंगी असेल तर गाडी काढूच नका.

---

फेल्डहोवन_व्हाया_शहापूर

पार्किंग आणि बांधाचं मी सांगतो.

मोटारसायकल पदपथावर लावायला तिथं परवानगी आहे, फुकट, जोवर कुणाला अडथळा होत नाही तोवर. अडथळा म्हणजे काय ते कळून घ्या: बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची सहज गेली पाहिजे, दुकानाचं दार, अंधांसाठीची खाचांची फरशी, सायकलींची लोखंडी स्टँड मोकळी राहिली पाहिजेत. पदपथावरून चालवत जायचं नाही, कडेला थांबून इंजिन बंद करून ढकलत न्यायची. सहा एका जागी लावू नका, तिथंही तीन-तीन. कारसाठी आखलेल्या चौकोनात लावलीत तर बऱ्याच ठिकाणी कारसारखे पैसे पडतात, नंबर यंत्रात घालून. विटांवर साइडस्टँड रुततो, खाली ठेवायला चपटी पट्टी भाडेवाल्याकडं मागा.

बांध: होय, खरं आहे. लेक नदीच्या बांधावरचे काही तुकडे शनिवार-रविवारी मोटारसायकलींना बंद असतात. आवाजाच्या तक्रारी वाढल्या म्हणून. गोल पांढरी पाटी, लाल कड, आत मोटारसायकलचं चित्र आणि खाली छोट्या पाटीवर वार. पाटीखालचा मजकूर न वाचता पुढच्याच्या मागं गेलात तर सहाही जणांना दंड. तुमच्या रूटमध्ये गौडाचा दिवस शनिवार-रविवारी येत असेल तर लेकच्या बांधाऐवजी आतल्या रस्त्यानं जा. फाइल बनवणारं ॲप हे वार ओळखेलच असं नाही. इतर दिवशीही बांधावर साठ म्हणजे साठ. कठडा नाही, साइडपट्टी नाही, समोरून ट्रॅक्टर, आणि घरांच्या गाड्या खालून चढावरून अचानक वर येतात.

लाल डांबराचा रस्ता दिसला आणि सायकलीच्या मागं छोटी कार असं चित्र असेल तर तो सायकलींचा रस्ता, तुम्हाला फक्त येऊ दिलंय. सायकलीच्या मागं मागं जायचं, इंजिन घुरघुरवायचं नाही.

नदी ओलांडायला छोट्या फेरीबोटी आहेत, स्खोनहोफेनला, वाइक बाय ड्यूरस्टेडला. वेळापत्रक नाही, बोट जात-येत असते. पहिल्या गिअरमध्ये लोखंडी उताऱ्यावरून सरळ, आत गेल्यावर साइडस्टँड, गिअर तसाच ठेवून इंजिन बंद, गाडीजवळच उभं राहायचं. सुटे पैसे किंवा कार्ड आधीच वरच्या खिशात. ॲमस्टरडॅमच्या स्टेशनमागच्या फुकट बोटी मोटारसायकलींना नाहीत, आणि फ्लिसिंगन ते ब्रेस्केन्सची बोटही फक्त चालणाऱ्यांना, सायकलींना नि मोपेडना आहे. नकाशावर रेघ दिसली म्हणून तिकडं जाऊ नका. वेस्टरस्खेल्डेचा बोगदा मात्र १ जानेवारी २०२५ पासून टोलमुक्त आहे.

बार्ले मी मुद्दाम घातलंय. सीमाभागातल्या माणसानं तेवढं बघून यावं. डच गावात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत, काही तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे. सीमा फरशीवर खुणांनी आखलेली आहे, घरांतून जाते, आणि घर कुठल्या देशाचं ते दर्शनी दारावरून ठरतं. दारावरच्या नंबराच्या पाटीवर झेंडा असतो.

पण गाडीवर असताना ही गंमत महाग पडू शकते. नेदरलँड्समध्ये कायद्यानं फक्त हेल्मेट लागतं. बेल्जियममध्ये हेल्मेटबरोबर हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जाकीट, लांब पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट सक्तीचे आहेत. गावातला रस्ता शंभर मीटरमध्ये दोनदा देश बदलतो. म्हणून जेवायला थांबून हातमोजे काढलेत तर निघताना परत घाला. मागं बसणाऱ्यालाही हेच सगळं लागतं. शिवाय भाड्याच्या करारात बेल्जियमची परवानगी लिहून घेतलेली नसेल तर विमा त्या फरशीवरच्या खुणेपाशी संपतो. फाल्सचंही तेच: वर तीन देशांचा खांब आहे, गाडी डच बाजूच्या वाहनतळावर लावा आणि खांबापर्यंत चालत जा.

---

गोवावेस_सर्कल

बेल्जियमची परवानगी सहाही करारांत घालून घेतो. निपाणीवाल्याच्या लायसन्सवर नाव अर्धंच आहे, तो सोमवारी चिक्कोडीला जातोय.

---

टिळकवाडी_पॅनियर

जाताना पासपोर्टची झेरॉक्स, आधार आणि जन्माचा दाखला तिन्ही घेऊन जा म्हणावं. नाव दुरुस्त होऊन कार्ड हातात येईपर्यंत परमिटचा अर्ज भरू नका, जुन्या नावानं छापलं गेलं तर हजार रुपये पुन्हा भरायला लागतात.